सोल्डर आणि सोल्जर

रेडिओचं लायसन काढायला मी पोस्टात गेलो तेव्हा सातवीत होतो. रेडिओ म्हणजे पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार, एक गँग कंडेन्सर आणि तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा काचेचा डायोड, हे सगळं पॅकिंगच्या खोक्यातून काढलेल्या एका फळीवर खिळे मारून बसवलेलं. त्या काळी घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून लायसन घ्यावं लागे आणि दर वर्षी पैसे भरून ते नवं करावं लागे. ही भानगड ऐंशीच्या दशकात संपली. आमचे अण्णा सरकारी नोकर. फळीवरून आवाज येतोय म्हटल्यावर त्यांना कौतुकाच्या आधी कायदा आठवला. “बिनलायसनची वस्तू घरात नको. विचारून ये.”

खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, “कंपनी कुठली?”

“मीच केलाय.”

“बँड किती?”

“माहीत नाही.”

“सेल किती लागतात?”

“एकही नाही.”

“म्हणजे विजेवर चालतो?”

“नाही.”

त्यांनी पेन कानावर ठेवलं. “बाळ, मग तो रेडिओ नव्हे. घरी जा.”

मी सुटल्याच्या आनंदात घरी आलो आणि निकाल सांगितला. अण्णा त्या फळीकडे बराच वेळ बघत राहिले. रेडिओ नाही असं सरकारच म्हणतंय, म्हणजे तो नाहीच. मग ते म्हणाले, “रेडिओ नाही तर मग याचा उपयोग काय?”

गेली पन्नासहून जास्त वर्षं मी या प्रश्नाला उत्तर देतोय. विचारणारे तेवढे बदलत गेले.

मराठी भाषेचाही या बाबतीत माझ्यावर फारसा विश्वास नसावा. छंद हा शब्द घ्या. कवितेच्या चालीला छंद म्हणतात आणि तिकिटं जमवण्यालाही छंद म्हणतात. नाद म्हणजे ध्वनी, तंबोऱ्याचा नाद, आणि पत्त्यांचा असतो तोही नादच. शब्द सगळे संगीतातले, पण सूर मात्र संशयाचा. मुलगा नववीपर्यंत चित्रं काढतो तो छंद. दहावीत काढतो तो नाद. नोकरी लागल्यावर काढत बसला तर ते खूळ. निवृत्त झाल्यावर काढायला लागला की पुन्हा छंद होतो आणि बालगंधर्वच्या कलादालनात त्याचं प्रदर्शन भरतं. शेजारी भेट म्हणून तुळशीचं रोप घेऊन येतात. कोल्हापूरकरांचं तेवढं वेगळं आहे. त्यांनी ‘नाद’ आणि ‘खुळा’ हे दोन्ही बदनाम शब्द एकत्र करून त्याची शाबासकी केली. या एका कारणासाठी मला कोल्हापूरला बदली हवी होती. मिळाली नाही.

तर तो रेडिओ. त्याला क्रिस्टल सेट म्हणतात. माझी पहिली गुंडाळी आत्याच्या टाल्कम पावडरच्या डब्यावर होती. गोल, गुळगुळीत, हाताला बसणारा डबा. पंच्याऐंशी वेढे मी एकाशेजारी एक असे बसवले, जिभेचं टोक बाहेर काढून. सेटमधून चकार शब्द आला नाही. आठवडाभर मी एरियलला दोष दिला, डायोडला दिला, डायोड विकणाऱ्या बुधवार पेठेतल्या दुकानदाराला दिला. मग कोणीतरी दाखवून दिलं की डबा पत्र्याचा आहे. धातूवर कॉइल गुंडाळली की आलेली लहर त्या धातूतच जिरून जाते. मग पुठ्ठ्याची नळी आणली. तरीही शांतता. कारण तारेवर वार्निशचा पातळ थर असतो आणि टोकं ब्लेडने खरवडल्याशिवाय जोड लागत नाही, हे मला कोण सांगणार? तांब्याला तांबं टेकलेलं दिसतंय आणि तरी दोघांत काही संबंध नाही, हा अनुभव मला पुढे ऑफिसात पुष्कळ आला. तेव्हा मात्र नवा होता.

जुन्या बाजारात, म्हणजे जो बुधवारी आणि रविवारी भरतो त्यात, लष्कराच्या मोडीतला एक हेडफोन मिळाला. दोन हजार ओहमचा, डोक्याला चिमट्यासारखा बसणारा. एरियलची तार वाड्याच्या गॅलरीपासून समोरच्या पिंपळापर्यंत, अर्थिंग मोरीतल्या नळाला. रात्री पावणेआठच्या सुमारास खुंटी फिरवता फिरवता कानात कुणीतरी खाकरलं. मग अगदी शांत आवाजात एक गृहस्थ बाजारभाव सांगू लागले. त्यांच्या मागे विविध भारतीवर लता मंगेशकर गात होत्या, कारण माझ्या सेटला दोन केंद्रं वेगळी करता येत नसत. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातांनी हवेतून काढलेली गोष्ट म्हणजे ज्वारीचा भाव.

आजीला हेडफोन लावायला दिला तर तिने तो अंबाड्यावरून जाईना म्हणून सरळ पितळी पातेल्यात टाकला. पातेलं बोलायला लागलं! हा उपाय जगभरच्या क्रिस्टल सेटवाल्यांना माहीत आहे हे मला फार नंतर कळलं. आजीला तो कुठून कळला ते कधीच कळलं नाही. तिने पातेल्याला कान लावला आणि विचारलं, “गुळाचं काय म्हणाला रे?”

आजीने उपयोग विचारला नाही. तिने गुळाचा भाव विचारला. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

या सेटला सेल लागत नाहीत याचं कारण असं की तो स्वतःचं काहीच खर्च करत नाही. केंद्राच्या टॉवरवरून जी शक्ती निघते तिचा अगदी नखाएवढा अंश तारेत सापडतो आणि त्याच अंशावर हेडफोनची चकती हलते. डायोड फक्त एका दिशेने वाट देतो. डायोड येण्याआधी त्या जागी गॅलिना नावाच्या दगडाचा खडा असे आणि त्यावर एक बारीक तार टेकवून नेमकी जागा शोधत बसावं लागे. या गॅलिनावर चालणाऱ्या शोधकाचं अमेरिकन पेटंट १९०४ साली जगदीशचंद्र बोसांना मिळालं. पेटंट घेण्याची त्यांना फारशी हौस नव्हती. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इटलीत आंझिओला खंदकात अडकलेल्या सैनिकांनी तर दाढीचं ब्लेड, पेन्सिलीचं शिस आणि सेफ्टी पिन यांवर रेडिओ ऐकला.

गॅलिना हे शिशाचं खनिज. पेन्सिलीचं शिस नावापुरतंच, ते खरं म्हणजे ग्रॅफाइट. पण शिशाचा आणि माझा संबंध तिथून सुरू झाला आणि अजून सुटलेला नाही. सोल्डरच्या तारेत साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसं असतं. आमच्या लहानपणी गल्लीत कल्हईवाला येई, गळके डबे झाळून देणारा येई. त्याच्या नवसागराचा धूर आणि माझ्या सोल्डरमधल्या राळेचा धूर हे सख्खे भाऊ आहेत. तो डबे झाळायचा त्याचे त्याला पैसे मिळत. मी झाळायचो त्याचे मला द्यावे लागत.

लग्नानंतर प्रश्न विचारण्याचं काम अण्णांकडून सौभाग्यवतींकडे आलं. ही शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे हिच्यापुढे थापा चालत नाहीत. एकदा मी टेबलावर रेझिस्टर मांडून बसलो होतो. त्यावर किंमत लिहिलेली नसते, रंगीत पट्टे असतात. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, करडा आठ, पांढरा नऊ. हिने एकदाच ऐकलं आणि म्हणाली, “अहो, हे तर तानापिहिनिपाजा! पण पारवा कुठे गेला?”

खरंच की. दोनपासून सातपर्यंत सगळं इंद्रधनुष्य ओळीने उभं आहे, फक्त ‘पा’ गायब. तीस वर्षं मी ते पट्टे वाचत होतो आणि मला कधी दिसलं नव्हतं. मुंगीएवढ्या अंगावर निळा आणि पारवा वेगळे ओळखणार कोण, म्हणून गाळला असावा, असं मी म्हणालो. हिचं त्यावर मत असं की माणसाला ओळखता येत नाही म्हणून रंगाला घराबाहेर काढणं बरोबर नाही. शेवटी एक सोनेरी पट्टा असतो, त्याचा अर्थ लिहिलेल्या किमतीत पाच टक्के इकडेतिकडे; चांदीचा असेल तर दहा टक्के. सोनं लावून स्वतःची चूक जाहीर करणारी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही.

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून पन्नासेक रेझिस्टर लावले. उपयोग कोणी विचारला नाही. पण महिन्याअखेर हिशेबाच्या वहीत ‘बुधवार पेठ, रु. १४०’ ही नोंद दिसली आणि प्रश्न परत आला.

यावर छंदी माणसं जे करतात तेच मी केलं. उपयोगी वस्तू बनवायला घेतली. आमच्या सोसायटीची गच्चीवरची टाकी रोज पहाटे भरून वाहायची. मी टाकीत दोन तारा सोडल्या, पाणी त्यांना टेकलं की बीसी ५४८ नावाचा ट्रान्झिस्टर जागा होणार आणि खाली जिन्यात भोंगा वाजणार. भोंगा कर्कश नको म्हणून मी यूएम ६६ लावला. ही तीन पायांची चिप दिसते ट्रान्झिस्टरसारखी, आणि वीज दिली की पोटातलं एकच गाणं म्हणते. गाणी निरनिराळी मिळत. दुकानात त्या दिवशी ‘हॅपी बर्थडे’वालाच शिल्लक होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला जिन्यातून वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या आणि पंप बंद होईपर्यंत थांबल्या नाहीत. खालच्या वहिनी तिसऱ्या दिवशी वाटीत शिरा घेऊन वर आल्या. “कोणाचा असतो हो रोज?” आठवड्याभरात सगळ्या इमारतीला सवय झाली. कोणी कोणाकडे पाहून हसलं की पुढचा म्हणे, “टाकी भरली वाटतं.” मला सोसायटीच्या सभेत नारळ मिळाला. अण्णा तेव्हा आमच्याकडे होते, ते पहिल्यांदाच म्हणाले, “ह्याचा मात्र उपयोग आहे.”

आणि तेव्हापासून मला त्यात रस उरला नाही. खोटं कशाला सांगू? छंद होता तोवर मी रात्री उठून त्याच्याकडे बघत असे. उपयोगी झाल्यावर तो माझ्या मागे लागलेलं काम झाला. पाण्यातल्या तांब्याच्या तारा विजेने हिरव्या पडून खाल्ल्या गेल्या, एके दिवशी गाणं वाजलंच नाही आणि टाकी दोन तास वाहिली. लोक माझ्या दारात. मी स्टेनलेस स्टीलच्या दांड्या लावल्या. त्यानंतर आमच्या घरातल्या जेवणाच्या चमच्यांत दोन कमी आहेत हे हिच्या लक्षात यायला साधारण चार दिवस लागले.

माझा बँकेतला एक मित्र या बाबतीत माझ्यापेक्षा शहाणा. तो उपयोगाच्या भानगडीत कधी पडलाच नाही. तो शिपाई जमवतो.

सुरुवात अर्थात दिवाळीच्या किल्ल्यापासून. आपल्याकडे प्रत्येक मुलाने ही लष्करी सेवा केलेली असते. विटा, पोती, चिखल, वर पेरलेले हळीव, पायथ्याशी बशीतलं तळं. बुरुजावर मातीचे मावळे, सिंहासनावर त्यांच्या दुप्पट उंचीचे महाराज, आणि गुहेच्या तोंडाशी जो वाघ असतो तो दरवाज्यापेक्षा मोठा. जगातले शिस्तीचे संग्राहक मिलिमीटरमध्ये बोलतात, जुने शिशाचे शिपाई ५४ मिलिमीटरचे, युद्धखेळातले २५ किंवा २८ मिलिमीटरचे. आपल्या किल्ल्यात प्रमाण ठरतं ते मानावर. महाराज मोठे कारण ते महाराज आहेत. मला हे जास्त पटतं.

दिवाळी झाली की आपण मावळे माळ्यावर टाकतो. माझा मित्र भाऊबीजेनंतर बाहेर पडतो, कारण तेव्हा फेरीवाल्यांकडे उरलेले, टवके उडालेले मावळे स्वस्तात मिळतात. प्रत्येकाच्या तळाला तो पेन्सिलीने साल लिहितो. त्याच्याकडे १९६८ पासूनचे आहेत. तो सांगतो की पूर्वी मावळ्याची ढाल अंगापासून सुटी असे, आता ती छातीलाच चिकटून येते, साच्यातून काढायला सोपं जावं म्हणून. मी चष्मा लावून पाहिलं. खरं आहे. मला त्या ढालीचं उगीचच वाईट वाटलं.

मातीच्या मावळ्यांच्या शेजारच्या कपाटात त्याचे अकरा शिशाचे गोरे शिपाई आहेत. लाल डगले, काळ्या केसाळ टोप्या. कॅम्पातली साहेबांची कुटुंबं गेली तेव्हा मागे राहिलेलं सामान फिरत फिरत जुन्या बाजारात आलं, त्यातले हे, असं त्याला वाटतं. हे शिपाई आतून पोकळ असतात. विल्यम ब्रिटन नावाच्या इंग्रज खेळणीवाल्याने १८९३ मध्ये ही युक्ती काढली. साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, कडेला थर धरला की उरलेलं ओतून टाकायचं. शिसं वाचलं, वजन घटलं, किंमत उतरली आणि गल्लीगल्लीतल्या मुलांकडे पलटणी झाल्या. मात्र शिशाला आंबट वाफ सोसत नाही. लाकडी कपाटात कोंडून ठेवलं तर लाकडातून निघणाऱ्या वाफेनेच ते पांढरं पडून भुगा होतं. म्हणून मित्राचे मावळे सागवानी कपाटात आणि इंग्रज लोखंडी कपाटात. त्याची आई म्हणते, “निदान आमच्या घरात तरी ते तुरुंगात आहेत.”

ही आई नव्वदी ओलांडलेली. पुढे तिच्याबद्दल सांगायचंय.

शिपायांना टेबलावर उभं करून लढाई खेळण्याची हौस मोठमोठ्यांना होती. प्रशियाच्या राइसविट्झ बाप-लेकांनी ती पद्धतशीर केली. बापाने १८१२ मध्ये राजासाठी खेळाचं टेबलच करून दिलं, मुलाने १८२४ मध्ये नियम छापले. सेनापतींना तो इतका उपयोगी वाटला की त्यांनी तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणात घेतला. माझ्या टाकीसारखंच झालं म्हणायचं. उपयोग सापडला आणि खेळ संपला. तो परत जमिनीवर आणला एच. जी. वेल्सने. काळयंत्राची आणि मंगळावरच्या स्वारीची कादंबरी लिहिणारा हा माणूस, वय शेहेचाळीस-सत्तेचाळीस, पाहुण्यांना जमवून घराच्या फरशीवर पालथा पडून खेळण्यातल्या तोफेतून लाकडाचे तुकडे शिपायांवर उडवायचा. १९१३ मध्ये त्याने यावर ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक केलं. पायदळ एका खेपेला एक फूट, घोडदळ दोन फूट. पुस्तकाच्या नावातच त्याने खेळाडूंची वयोमर्यादा १५० वर्षं दिली आहे, तेव्हा आम्हां दोघांना पुष्कळ अवकाश आहे. खऱ्या लढाईपेक्षा ही परवडते, आणि हिच्यात फुटतात ती फक्त खेळणी, असं त्याचं शेवटी म्हणणं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. त्याचं कोणी ऐकलं नाही हे उघड आहे.

माझा मित्र पानिपत खेळतो. दुसरं काही नाही. गेली बारा वर्षं, दर संक्रांतीला, १४ जानेवारी १७६१. मातीचे मावळे म्हणजे भाऊसाहेबांची फौज; पगडीच्या आणि शतकाच्या चुका तो चालवून घेतो. अकरा लाल डगलेवाले म्हणजे इब्राहिमखान गारद्याची पलटण. ही निवड अगदी बिनचूक आहे, कारण गारदी पायदळ युरोपी कवायतीतच तयार झालेलं होतं. अब्दालीच्या उंटांवरच्या तोफांसाठी किल्ल्याच्या सामानातलेच उंट. भाऊंचा हत्ती मात्र सावंतवाडीचा लाकडी, तो टेबलावर ठेवला की निम्मं पानिपत झाकलं जातं. फाशाने गोळ्या लागतात, फूटपट्टीने घोडी दौडतात. मी अब्दाली असतो. दुसरं कोणी तयार होत नाही.

मित्राचे काही खास नियम आहेत. रसद वेळेवर पोचलेली आहे असं धरायचं. होळकर मैदान सोडणार नाहीत. आणि पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहून भिंतीला टांगलेला नियम असा, की विश्वासरावांना गोळी लागली तरी भाऊंनी हत्तीवरून उतरायचं नाही. इतकं सगळं करूनही तो बारा वर्षांत दोनदाच जिंकलाय. फासा काही केल्या इतिहासाची बाजू सोडत नाही.

खेळ संपला की आतल्या खोलीतून आईचा आवाज येतो, “या खेपेला तरी जिंकलास का रे?” हरला म्हटलं की ती म्हणते, “पुढच्या वर्षी बघू,” आणि आम्हाला गुळाची पोळी देते. मला माझी आजी आठवते. आयुष्यात असा एक माणूस भेटला तरी फार झालं, जो उपयोग विचारत नाही, गुळाचा भाव विचारतो.

आमच्या पुण्यात अशा नादाला मोठी परंपरा आहे. दिनकर केळकर चष्म्याच्या दुकानाचे मालक, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारे. ते अडकित्ते, दिवे, दौती, पाय घासायच्या वज्री जमवत गावोगाव हिंडले. त्यातून उभं राहिलेलं राजा केळकर संग्रहालय बघायला आज परदेशातून माणसं येतात. कोथरूडला एका जोशी गृहस्थांनी छोट्या आगगाड्यांचं आख्खं शहर हाताने उभं केलं, तेही आता संग्रहालय आहे. एक अडकित्ता असला तर अडगळ, शंभर झाले तर संग्रह, हजारांनी झाले की तिकीट. मित्र आणि मी दोघंही अजून पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मध्ये कुठेतरी आहोत.

गेल्या वर्षी मी त्याच्या पानिपतासाठी तोफ केली. ५५५ नावाची चिप, ती १९७२ पासून बाजारात आहे आणि मरायचं नाव घेत नाही, एक लाल दिवा, एक छोटा स्पीकर. बटण दाबलं की मातीच्या तोफेच्या तोंडाशी उजेड आणि टेबलाखालून ‘ढुम्’. या वस्तूला कसलाही उपयोग नाही. घरी हिला दाखवली तर हिने पाच-सहा वेळा बटण दाबलं, मग म्हणाली, “आवाज थोडा उशिरा आला पाहिजे. तोफ लांब आहे ना?” मी त्यात उशीर घातला. नववीत शिकवलेला ध्वनीचा वेग शेवटी असा कामाला आला.

आता जे झालं ते सांगतो, कारण त्याशिवाय शेवटची विनंती करता येणार नाही.

अकरा गारद्यांपैकी ताशेवाल्याचा डावा हात निखळला होता. मित्राने तो काडेपेटीत कापसावर जपून ठेवलेला. मी म्हटलं, आण इकडे. शिसंच आहे, माझं सोल्डरही शिशाचं, एका मिनिटाचं काम. तुझे सोल्जर, माझं सोल्डर. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी पुढचा विचार केला नाही. साठ-चाळीसचं सोल्डर १९० अंशांच्या आतबाहेर वितळतं. माझ्या सोल्डरिंग आयर्नचं टोक होतं साडेतीनशेवर. शिपायाचं अंग ज्या मिश्रणाचं असतं ते साडेतीनशेला उभं राहत नाही, आणि शिपाई आतून पोकळ, हे मीच वर तुम्हाला कौतुकाने सांगितलंय. टोक टेकलं आणि खांदा लोण्यासारखा आत गेला. मी घाबरून मागे ओढलं तर टोपीही बरोबर आली. टेबलावर एक चकचकीत थेंब उरला, सुंदर गोल.

मित्र काही बोलला नाही. त्याने पातळ चिमट्याने उरलेला ताशेवाला उचलला, उलटा केला, तळाला पेन्सिलीने तारीख घातली आणि कंसात लिहिलं, ‘पानिपतावर पडला’. मग मला चहा विचारला. त्या चहाची चव मला अजून आठवते. साखर घालायला तो विसरला होता आणि मागायची माझी छाती झाली नाही.

तर वाचकांना विनंती. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, आजोबांच्या कपाटात लाल डगल्याचा शिशाचा शिपाई पडून असेल, साधारण साडेपाच सेंटिमीटर उंच, ताशेवाला असल्यास उत्तम, तर तो भंगारात घालू नये. एक हात नसला तरी चालेल, मी हात लावणार नाही. संक्रांतीच्या आत मिळाला तर गारद्यांची पलटण पुरी होईल आणि मी अब्दाली म्हणून मुकाट्याने हरायला तयार आहे. त्याच ट्रंकेत जुना दोन-खणी गँग कंडेन्सर निघाला तर तोही ठेवावा. माझा पत्ता संपादकांकडे आहे. घरी फोन केलात आणि हिने उचलला, तर पेन्शनच्या कामासाठी केलाय असं सांगा.